अर्धवट काम सगळ्यांना दिसलं पाहिजे

आर्किटेक्चर महाविद्यालयांच्या बैठकांत हल्ली एक प्रस्ताव पुन्हा पुन्हा येतो. डिझाइनचे काही तास ऑनलाइन घ्यावेत, बाहेरगावच्या तज्ज्ञांना पडद्यावर बोलवावं, आणि मोठाल्या ड्रॉइंग टेबलांनी अडवलेल्या हॉलमध्ये डोळ्यांवर चढवायचे व्हीआर हेडसेट आणून ‘व्हर्च्युअल स्टुडिओ’ उभारावा. पहिल्या दोन गोष्टी मी स्वतः करते. तिसरीतही मला मनापासून रस आहे. मात्र त्यासाठी टेबलं काढायची का, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, आणि माझं म्हणणं त्या टेबलांपासूनच सुरू होतं.

मी पुण्यात तिसऱ्या वर्षाचा डिझाइन स्टुडिओ शिकवते. ज्यांच्या घरातलं कुणी आर्किटेक्चरला गेलेलं नाही, त्यांना हा वर्ग वर्गासारखा वाटणार नाही. फळ्याकडे तोंड करून कुणी बसलेलं नसतं. चाळीस मुलामुलींपुढे एकच प्रश्न असतो; समजा, उतारावरची एक छोटी शाळा. त्या प्रश्नावर ती सगळं सत्र काढतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. शिक्षक टेबलांमधून फिरतात, कुणाच्या तरी प्लॅनवर बटर पेपरचा तुकडा ठेवतात आणि बोलता बोलता त्यावर रेघा मारतात. शेजारच्या टेबलावरची दोघं मान वळवून बघत असतात. त्यांचा नंबर अजून यायचा असतो, पण त्यांचं शिकणं सुरू झालेलं असतं. गाण्याच्या तालमीत गुरू एकाची जागा दुरुस्त करतात तेव्हा मागे बसलेले सगळे ती मनातल्या मनात घोळवत असतात, तसंच हे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सर्वांत जास्त तास या विषयाचे असतात, ते याचसाठी.

एमआयटीतले डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात अशाच एका भेटीचा बारकाईने अभ्यास केला आहे. पेट्रा नावाची विद्यार्थिनी शाळेचं डिझाइन करताना अडकली आहे. तिची इमारत जमिनीच्या उतारावर काही केल्या बसत नाही. क्विस्ट हे तिचे शिक्षक. ते व्याख्यान देत नाहीत. तिच्या ड्रॉइंगवर पातळ कागद टाकतात, आणि काढता काढता बोलतात, बोलता बोलता काढतात. एक रेघ मारली की तिचा परिणाम काय झाला ते बघतात आणि मग पुढची मारतात. शॉन यांचा भर यावर होता की विचार आधी आणि रेघ नंतर असा क्रम इथे नसतो, विचार रेघेतच चाललेला असतो. आर्किटेक्टला हे नवं वाटत नाही. आपण रोज करतो ते कुणीतरी नीट लिहून ठेवलं, याचंच समाधान होतं.

त्या प्रसंगाला पाया आहे तो पेट्राच्या फसलेल्या ड्रॉइंगचा. ती ते घेऊन आली नसती तर क्विस्टना करण्यासारखं काही उरलं नसतं. स्टुडिओ चालतो तो अर्धवट कामावर. आभासी असो की खरा, कुठलाही स्टुडिओ मी एकाच कसोटीवर बघते: तिथे अर्धवट काम सगळ्यांना, सगळा वेळ दिसतं का?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हॉलला कुलूप पडलं. आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर आलो. त्या काळाबद्दल बरंच लिहून झालंय, त्यात रेंज नव्हती, डेटा संपायचा, हे सगळं खरंच होतं. माझ्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. कॉलवर एका वेळी एकाचीच शीट दिसते. एकजण बोलतो, बाकी एकोणचाळीस कॅमेरे बंद. काही आठवड्यांतच मुलं फक्त पूर्ण झालेलं काम दाखवायला लागली. टेबलावर अर्धवट काम लपवता येत नाही, ते पडलेलंच असतं. खोडलेलं, चुरगळलेलं, चहाचा डाग पडलेलं. पडद्यावर मात्र ‘शेअर’चं बटण दाबावं लागतं, आणि सगळ्यांसमोर ते दाबण्याआधी माणूस काम नीटनेटकं करतो. मग मुलगा रात्रभर बसून रेंडर करून आणतो, म्हणजे उजेड, सावल्या, झाडं, माणसं घातलेलं गुळगुळीत चित्र. आणि पायऱ्यांचं गणित चुकलंय हे मला त्या चित्रावरून सांगावं लागतं. इतकी मेहनत झाल्यावर बदल सुचवणं दोघांनाही जड जातं. पहिल्या आठवड्यातल्या पेन्सिलच्या रेघेवर तेच बोलणं दोन मिनिटांत झालं असतं.

त्याच टाळेबंदीत स्टुडिओला एक मोठं देणंही मिळालं. साइटवर जाता येत नव्हतं, म्हणून मी सगळ्यांना स्वतःचं घर मोजायला सांगितलं. मोजायचं, १:५० मध्ये काढायचं, आणि एकाच प्लॅनवर सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र कोण कुठे असतं ते भरायचं. पुण्यातल्या स्टुडिओत आम्ही बहुधा पुण्या-मुंबईच्या घरांबद्दलच बोलत असतो, आणि बाहेरगावची मुलंही हळूहळू तीच भाषा उचलतात. इथे मात्र पडद्यावर इचलकरंजीचं घर आलं. खालच्या मजल्यावर यंत्रमाग, वर राहणारी माणसं, आणि मागांच्या आवाजात झोपायची सवय झालेलं कुटुंब. विद्यार्थ्याने सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदात, मागाचा आवाज रेघांच्या जाडीने दाखवला होता. मालवणकडच्या मुलाने चिऱ्याचं घर काढलं. खळं, पडवी, माजघर, आणि आजी दिवसातला किती वेळ पडवीत असते ते. ‘पडवी ही या घरातली सर्वांत जास्त वापरली जाणारी खोली आहे, पण आम्ही तिला कधी खोली म्हणत नाही,’ असं तो म्हणाला. मी अनेक वर्षं अर्ध-खुल्या जागांवर व्याख्यान देते. माझं व्याख्यान इतकं नेमकं कधी झालेलं नाही.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती औसा तालुक्यातल्या एका मुलीच्या घरावर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसं गेली. नंतर अनेक गावं नव्या जागी वसवण्यात आली. ही मुलगी अशाच एका पुनर्वसित गावात वाढलेली. तिच्या ड्रॉइंगमध्ये आधी सरकारने दिलेलं मूळ घर होतं. त्याभोवती वेगळ्या रंगात तिच्या वडिलांनी आणि काकांनी जोडलेलं सगळं: पुढे पत्र्याची ओसरी, मागे चूल, बाजूला गोठा, आणि मधल्या रिकाम्या जागेला भिंत घालून केलेलं अंगण. घर हळूहळू जुन्या वाड्याच्या वळणावर परत गेलं होतं. फक्त मातीचं माळवद परत आलं नव्हतं. ‘आजोबा अजूनही स्लॅबखाली झोपत नाहीत, पत्र्याखाली झोपतात,’ असं तिने सांगितलं, आणि पाठोपाठ एकेक करून कॅमेरे सुरू झाले. भूकंपानंतरची पुनर्वसनाची घरं हा विषय पुस्तकात आहे, आणि मी तो शिकवतेही. पण आतून मोजलेलं ते घर पुण्याच्या हॉलमध्ये कधी आलं नसतं, कारण ती मुलगी पुण्यात असताना आम्ही तिला पुण्याचाच प्लॉट दिला असता.

म्हणून दूरच्या स्टुडिओला मी सरसकट विरोध करत नाही. तो माणसं जिथे आहेत तिथे पोचू शकतो, आणि ती ताकद महाविद्यालयांनी पुरेशी वापरलेलीच नाही. पुण्यातल्या मुलांनी पणजीच्या गोवा वास्तुविद्या महाविद्यालयातल्या मुलांबरोबर एकच प्रश्न हातात घ्यावा. कोकणातल्या पावसात छपराची वळचण किती पुढे यायला हवी हे पणजीच्या मुलांकडून समजून घ्यावं, आणि कोरड्या दुष्काळी गावातल्या सावलीबद्दल त्यांना सांगावं. याला हेडसेट लागत नाही, सामाईक बोर्ड लागतो. मिरोसारख्या ऑनलाइन बोर्डावर मी चाळिसांचं काम शेजारी शेजारी लावते. तिथे माझा एकच नियम आहे: दर दिवशी काहीतरी टाकायचं, आणि आधीचं पुसायचं नाही. रात्री उशिरा बोर्ड उघडला की कुणाचा तरी कर्सर दुसऱ्याच्या जिन्याजवळ बराच वेळ थांबलेला दिसतो, आणि सकाळी पहिल्याच्या शीटवर तो जिना वेगळ्या रूपात आलेला असतो. हॉलमध्ये मान वळवून बघणं व्हायचं ते थोडंफार इथे परत येतं. थोडंफारच, कारण बोर्डावर सगळं छोटं दिसतं आणि मोठं करून बघणं हा ज्याचा त्याचा निर्णय असतो.

दूर राहून एकत्र डिझाइन करण्याची ही कल्पना महामारीतली नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले येर्झी वोइतोविच आणि एमआयटीतले विल्यम मिचेल यांच्यासारख्या शिक्षकांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून एकाच डिझाइनवर बसवलं होतं. ‘व्हर्च्युअल डिझाइन स्टुडिओ’ याच नावाचं वोइतोविच यांनी संपादित केलेलं पुस्तक १९९५ मध्ये हाँगकाँग विद्यापीठाने काढलं. तेव्हा आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत हाताने ड्रॉइंग काढायचे मिनी ड्राफ्टर आणि रोटरिंगची पेनं होती. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो झुरिकच्या ईटीएचमध्ये गेऱ्हार्ड श्मिट यांच्या विभागाने नव्वदच्या दशकात केलेला ‘फेज एक्स’ हा प्रयोग. तिथे विद्यार्थी आपलं डिझाइन एका टप्प्यापर्यंत न्यायचे आणि सामाईक संगणकीय साठ्यात ठेवायचे. पुढच्या टप्प्यात स्वतःचं काम पुढे न्यायचं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी निवडायचं आणि ते वाढवायचं. मग त्याहीपुढे तिसरा कुणीतरी ते घ्यायचा. कुठल्या डिझाइनमधून किती डिझाइनं निघाली याची वंशावळ पडद्यावर दिसायची. ज्या कामात पुढे वाढण्यासारखं काही होतं, ते अर्धवट असलं तरी अनेकांनी उचललं. देखणं पण बंदिस्त काम तिथेच थांबलं.

मी हे माझ्या स्टुडिओत लहान प्रमाणावर करून बघते. दुसऱ्या आठवड्यानंतर प्लॅनची अदलाबदल. सुरुवातीला मुलांना हे आवडत नाही, ‘मॅम, माझा कॉन्सेप्ट आहे तो’ असं ऐकायला मिळतं. दुसऱ्याचा प्लॅन वाचायला लागल्यावर त्यांना कळतं की आपला प्लॅनही कुणालातरी वाचता आला पाहिजे. हॉलमध्ये कागदाची गुंडाळी हातात देऊन हे होतं. संगणकावर मात्र आधीच्या सगळ्या अवस्था सांभाळल्या जातात आणि मागे जाऊन बघता येतं. इथे यंत्र कागदाहून चांगलं आहे, आणि तसं म्हणायला मला काहीच अडचण नाही.

आता हेडसेटबद्दल. एका सत्रात आम्ही अंगणवाडीचं डिझाइन घेतलं होतं. एका मुलीचा प्लॅन नेटका होता: खेळायची खोली, स्वयंपाकघर, पोषण आहाराचं कोठार, आणि रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी. खिडकीची सिल, म्हणजे खालची कड, तिने जमिनीपासून ९०० मिलिमीटरवर घेतली होती, म्हणजे सुमारे तीन फूट. आपण सगळे सवयीने तेवढीच घेतो. तीन वर्षांचं मूल उभं असतं जेमतेम तेवढंच, आणि त्याचे डोळे त्याच्याही खाली. मी मॉडेल हेडसेटमध्ये उघडलं आणि डोळ्यांची उंची ८५ सेंटिमीटरवर आणली. ती आत शिरली, खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, ‘मला भिंत दिसतेय. वर थोडं आकाश दिसतंय.’ खोली पडद्यावर भरपूर उजेडाची वाटत होती. मुलाच्या उंचीवरून ती कोंडलेली होती.

तिने सिल ४५० वर आणली. पुन्हा आत गेली, तेव्हा बाहेरचं दिसलं आणि दिसलं ते गटार. मग खिडकी बाजूच्या भिंतीत गेली, जिथून जिना आणि येणारी-जाणारी माणसं दिसतील. मग वर्गातल्या कुणीतरी विचारलं, एवढ्या खाली सिल असेल तर मुलं चढून बसतील, पडतील. मग सिल जाड झाली, तिचा कट्टा झाला, बाहेरून जाळी आली. त्या दुपारी एका खिडकीवर जेवढं बोलणं झालं, तेवढं एरवी संपूर्ण इमारतीवर होत नाही. जमिनीवर मांडी घालून बसलं तरी मुलाच्या उंचीचा अंदाज येतो, हे मला माहीत आहे, आणि मी तेही करायला लावते. पण ती खिडकी अजून कुठे बांधलेली नव्हती. न बांधलेल्या खिडकीसमोर मुलाच्या उंचीवर उभं राहणं हेडसेटशिवाय जमलं नसतं. हीच गोष्ट व्हीलचेअरवरून रेशन दुकानाच्या काउंटरकडे बघण्याची, आणि अंधाऱ्या जिन्यात पहिली पायरी कुठे आहे ते शोधण्याची. मुलं संगणकावर इमारत नेहमी वरून, गोल फिरवून बघतात. त्यात त्यांचं शरीर कुठेच नसतं. हेडसेट ते शरीर परत आणतो, आणि स्टुडिओला त्याची खरोखर गरज आहे.

याच यंत्राचा दोषही त्याच दुपारी दिसला. डोक्यावर हेडसेट चढवला की माणूस एकटा होतो. ती आत, बाकी सगळे बाहेर वाट बघत. काहींना गरगरतं, काहींना चष्म्यामुळे नीट बसत नाही. माझी कसोटी इथे नापास होते: अर्धवट काम फक्त एकीला दिसतंय. म्हणून मी एक रीत बसवली आहे. आत गेलेलीने सतत बोलत राहायचं: काय दिसतं, कुठे अडखळलं, हात पुढे केला तर भिंत लागते का. बाहेर तिघांनी तिच्या बोलण्यावरून कागदावर काढायचं, पडद्याकडे न बघता. मग तिन्ही चित्रं शेजारी ठेवायची. जे तिने सांगितलं नाही ते चित्रांत कोरं राहतं, आणि बहुतेक वेळा डिझाइनमध्येही तिथे विचार झालेला नसतो. यासाठी टेबल लागतं. मोठं, चौघांना भोवती उभं राहता येईल एवढं. टेबलं काढून हेडसेटची खोली करणाऱ्यांना माझं हे सांगणं आहे.

त्या अंगणवाडीची जागा होती पुण्यातल्या पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहत या वस्तीत. जायच्या आधी मुलांनी गुगल अर्थवर उतार पाहिला होता, कंटूर (समान उंचीच्या रेघा) काढले होते, काहींनी टेकडीचं त्रिमितीय मॉडेलही केलं होतं. सगळं उपयोगी होतं. प्रत्यक्ष गेल्यावर पहिल्या वळणावरच त्यातल्या अर्ध्या गोष्टी बदलल्या. मॉडेलमध्ये ज्या पायऱ्या ‘ये-जा करायचा मार्ग’ म्हणून दाखवल्या होत्या, त्यांवर धुणं चाललं होतं, एक आजी लसूण सोलत बसली होती आणि दोन मुलं अभ्यास करत होती. पायऱ्या हेच तिथलं अंगण होतं. एका बाईने आमच्या मुलांना विचारलं, ‘पाणी येतं तेव्हा पोरांना कुठं बसवणार?’ पाण्याची वेळ कुठल्याही नकाशात नव्हती. अंगणवाडीचं दार त्या प्रश्नामुळे नळाच्या बाजूला आलं, म्हणजे हंडा भरता भरता आईला मूल दिसत राहील.

प्रत्यक्ष जागेवर जाण्याचा हा आग्रह जुनाच आहे. मुंबईच्या जे. जे. आर्किटेक्चर महाविद्यालयात शिकवणाऱ्या क्लॉड बॅटली यांनी विद्यार्थ्यांकडून जुन्या भारतीय इमारती मोजून घेतल्या, आणि त्या ड्रॉइंगांवर उभं राहिलेलं त्यांचं पुस्तक आजही ग्रंथालयात सापडतं. टेप धरून दगडाच्या कडेशी वाकल्याशिवाय कमानीची जाडी कळत नाही, ही शिकवण त्यात होती. आज लेझर स्कॅन आणि फोटोंवरून अख्खा वाडा संगणकात उभा करता येतो, आणि मी विद्यार्थ्यांना ते शिकवते. मात्र क्रम उलटा होऊ नये यावर मी हट्टी आहे. आधी टेप, मग स्कॅन. ज्याने वाड्याचा उंबरा हाताने मोजलाय, त्याला स्कॅनमध्ये तो उंबरा कुठे झिजलाय हे शोधायचं सुचतं.

पैशाची बाजूही बोलली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरून करण्याची मुभा दिली. इतिहास, बांधकाम साहित्य, कायदे असे व्याख्यानाचे विषय उत्तम शिक्षकाकडून पडद्यावर ऐकायला मिळत असतील तर मुलांचं भलंच आहे. पण तोच आकडा मनात धरून डिझाइनकडे बघितलं की हिशेब भलतीकडे जातो: भेट देणारे शिक्षक कमी, हॉल लहान, शीट ई-मेलवर तपासायच्या. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याने स्थापन झालेली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर किमान मानकं ठरवते. स्टुडिओतले समोरासमोरचे तास आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचं टेबल, या दोन गोष्टींवर कौन्सिलने अजिबात सूट देऊ नये. शिवाय संगणक घरोघरी चांगला नसतो. जड मॉडेल उघडायला लागणारा लॅपटॉप हा अनेक कुटुंबांना एका वर्षाच्या फीइतका जड जातो, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याचं काम आपोआप मागे दिसतं. चाळीस हेडसेट घेण्यापेक्षा वर्गात चार असावेत, फुकट मिळणारं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर शिकवावं आणि उरलेल्या पैशात महाविद्यालयाचे संगणक रात्रीही उघडे ठेवावेत.

आणखी एक गोष्ट व्यवस्थापनांनी ध्यानात घ्यावी. आभासी जागा भाड्याची असते. मोझिलाने २०१८ मध्ये सुरू केलेलं ‘हब्स’ हे अनेक शिक्षकांना आवडलेलं माध्यम होतं. साध्या ब्राउझरमधून खोलीत शिरता यायचं, मॉडेल लावता यायचं, भोवती उभं राहून बोलता यायचं. ३१ मे २०२४ रोजी कंपनीने ती सेवा बंद केली. याउलट, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ मध्ये अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा सुरू केली आणि तिच्यासाठी उत्तरेचा उजेड घेणारे, एकमेकांत उघडणारे स्टुडिओ बांधले. जाता-येता कुणाचंही काम दिसावं अशी ती रचना. दोशी २०२३ मध्ये गेले. ते स्टुडिओ आजही वापरात आहेत आणि शिकणारी मुलं आजही जाता-येता एकमेकांचं काम बघतात. सर्व्हरवरच्या खोलीला हे आयुष्य नसतं, म्हणून मुलांचं काम त्या खोलीत अडकून राहणार नाही, अशा फाइलींत ते बाहेर ठेवायची सोय आधी बघावी लागते.

हे सगळं आत्ता जास्त महत्त्वाचं झालंय, कारण तयार दिसणारं चित्र आता काही सेकंदांत मिळतं. दोन ओळी लिहिल्या की संगणक उतारावरची शाळा काढून देतो. सूर्यास्त, हिरवळ, हसणारी मुलं, सगळं. ज्युरीत, म्हणजे सत्राअखेरच्या तपासणीत, आम्ही अजून शेवटच्या दिवशी भिंतीवर लागलेल्या चित्रांना गुण देत राहिलो, तर मुलं तेच आणतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. विद्यापीठांनी डिझाइनच्या गुणांतला निम्मा वाटा सत्रभरातल्या कामासाठी ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. खोडलेले प्लॅन, फसलेली मॉडेलं, दुसऱ्याचं काम पुढे नेऊन केलेले बदल, साइटवरच्या वहीतल्या नोंदी. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने ते उलगडून बघावं आणि विद्यार्थ्याला विचारावं, हे का सोडलं? ज्याने स्वतः विचार केलाय त्याला या प्रश्नावर भरपूर बोलता येतं.

जून-जुलैत प्रवेशाच्या निमित्ताने पालक महाविद्यालयं बघायला येतात. त्यांना बहुधा संगणक कक्ष आणि हेडसेट दाखवले जातात. ते बघाच. मग डिझाइनचा हॉल दाखवा म्हणा, आणि शक्य असेल तर सुट्टीच्या दिवशी न जाता सत्र चालू असताना जा. टेबलं आहेत का, त्यांच्यावर मुलांचं काम पसरलेलं आहे का, भिंतीवर या आठवड्यातलं काही लागलंय का की गेल्या वर्षीची बक्षिसाची शीट चौकटीत आहे, ते बघा. ऑनलाइन बोर्ड असेल तर तो उघडून दाखवायला सांगा. पहिल्या वर्षाच्या मुलाला तिसऱ्या वर्षाच्या टेबलापाशी जाऊन उभं राहता येतं का, सीनियरच्या थिसिसच्या मॉडेलला हात लावता येतो का, हे तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला बाजूला घेऊन विचारा. आणि शिक्षकांना विचारा की ते शेवटचं कधी मुलांसमोर बसून स्वतः रेघ मारत होते.